नुसता पाला

माझ्या भावानं माझ्या रताळ्याला युरिया घातला. झालं ते एवढंच. हे ऐकून कुरुंदवाड-जयसिंगपूरकडचा कुणीही ऊसवाला म्हणेल, मग त्यात बिघडलं कुठं? चांगलंच केलं की. आमच्या गावातही सगळे हेच म्हणाले. भावकी म्हणाली, देवळाच्या कट्ट्यावरची माणसं म्हणाली, आणि ज्यांनी जन्मात रताळ्याचा वेल हातात धरला नाही तीसुद्धा म्हणाली, की असा भाऊ मिळायला नशीब लागतं. ऐकून माझ्या डोक्याची शीर तडतडायची. पण मी हसून मान हलवायची. त्या हसण्याचा राग मला युरियापेक्षा जास्त आहे.

आमचं गाव गडहिंग्लजपासून एसटीनं अर्ध्या तासावर. सीमेकडच्या घरांत मराठीत कानडी मिसळलेलं असतं, म्हणून थोरल्या बहिणीला अक्का म्हणायचं आणि धाकट्या भावाला तम्मा. मी अक्का, तो तम्मा. माझं सासर चंदगडाच्या डोंगरात होतं. तिथं आमची स्वतःची जमीन नव्हती. लोकांच्या तांबड्या रानात रताळी लावायची, काढायची, धुवायची, एवढं मी बारा वर्षं केलं. नवरा गेला तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती. दीर म्हणाले, आता माहेरी जा. आले. येताना बरोबर पोरगी, एक ट्रंक आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं रताळ्याच्या वेलाचं बोचकं. कंडक्टर म्हणाला, वैरण एसटीत चालत नाही. मी म्हटलं, ही वैरण न्हाय, बेणं हाय. तो म्हणाला, दिसतंय तर वैरणच. गडहिंग्लज येईपर्यंत आमचं भांडण चाललं होतं, आणि बोचकं मी मांडीवरून खाली ठेवलं नाही.

वडिलांची जमीन दोन ठिकाणी. खाली नदीकाठची काळी, तिथं ऊस. वर दीड एकर माळ, तांबडा आणि दगडगोट्यांचा, तिथं कुसळं उगवायची आणि गावची शेरडं चरायची. वडील म्हणाले, "वर काय करायचं ते कर जा." त्यांना वाटलं असेल, विधवा पोरगी आहे, चार दिवस मन रमवेल. मी दगड वेचून बांध घातला. वरंबे ओढले. वीतभर वेलाचे तुकडे, मधले दोन डोळे मातीत आणि टोक वर, असे ओळीनं लावले. त्या माळानं माझ्या पोरीला शिकवलं आणि नांदायला पाठवलं. आषाढी, नवरात्र, शिवरात्र, सगळ्या महाराष्ट्राचा उपवास असतो तेव्हा माझं पोट भरतं, असं मी थट्टेनं म्हणायची.

लोक मात्र म्हणायचे, भावानं तिला माळ दिलाय. तम्मानं दिला म्हणे. वडील जिवंत असताना वडिलांनी दिला, आणि वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तम्माच्या नावाखाली माझं नाव लागलं ते सरकारी नियमानं लागलं. त्यात तम्मानं काय दिलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पण आमच्याकडची रीत वेगळी आहे. बहिणीनं हक्कसोडाच्या कागदावर सही करायची, भावानं साडी नेसवायची, आणि दोघांनी डोळे पुसत घरी येऊन पुरणपोळी खायची. सही न करणाऱ्या बहिणीबद्दल गाव काय बोलतं ते लिहिण्यासारखं नाही.

तम्मानं मला कधी जोर केला नाही, खोटं कशाला सांगू. त्याला नदीवरून माळापर्यंत पाइपलाइन ओढायची होती. कागदोपत्री एकाचं नाव असलं की सोपं जातं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो चुलीपाशी बसून म्हणाला, "अक्का, सही झाली म्हणून काय बदलतंय? तू हायस तवर माळ तुझाच. तुला पायजे तेवढी रताळी लाव." माझा विश्वास बसला. पाठीवर घेऊन वाढवलेला भाऊ, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणाच्या? मी म्हटलं, शिवरात्रीची काढणी होऊ दे, मग सही करते. तोवर मला गडहिंग्लजला जायला सवड नव्हती, एवढंच कारण. मनात काडीचा किंतु नव्हता. शिवरात्रीनंतरचा सोमवार ठरला.

वेल लावले दसऱ्याच्या सुमाराला. दोन महिन्यांत वरंबे झाकून गेले. आणि ऐन तेव्हा माझ्या मुलीचे दिवस भरत आले. तिला जयसिंगपूरला दिलीय, तिथल्याच डॉक्टरांनी सांगितलं की प्रवास नको, म्हणून बाळंतपणाला मीच तिकडं गेले. जाताना तम्माला माळावर उभं करून तीन गोष्टी सांगितल्या. एक, दर पंधरा दिवसांनी बायका सांगून वेल परतून घ्यायचा. रताळ्याचा वेल जमिनीवर पसरला की डोळ्याडोळ्याला मुळं सोडतो, आणि मग मूळच्या गड्ड्याकडं जायची ताकद त्या फुटकळ मुळांत जाते. म्हणून वेल उचलून उलटा टाकायचा. दोन, दुपारी पान मलूल झालं आणि संध्याकाळपर्यंत सावरलं नाही, तरच माळावरच्या विहिरीचं पाणी. तीन, काहीही झालं तरी युरिया नाही. तो मान हलवत होता. मी म्हटलं, "म्हणून दाखव." त्यानं शाळेतल्या पोरागत तिन्ही म्हणून दाखवल्या.

मुलीचं सिझेरियन झालं. नातू झाला, बरा झाला, पण तिचे टाके पिकल्यामुळं मला महिनाभरात निघता आलं नाही. तम्मा रोज फोन करायचा. एकदा त्यानं माळाचे फोटो पाठवले. काय तो हिरवेपणा! दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारी बसलेल्या बाईला मी कौतुकानं दाखवले. ती म्हणाली, मावशी, हे तर केवढं पीक आलंय. मग फोटो मोठा करून बघितला. पान माझ्या पंजाएवढं, देठ जाड, रंग काळपट हिरवा. रताळ्याचं पान असं नसतं.

मी फोन लावला. "काय घातलंस?"

"काय न्हाय गं. जरा ताकद दिली."

"ताकद म्हंजे?"

"अगं, पाला पिवळा पडल्यागत दिसत होता. माझ्या उसाचं पोतं शिल्लक होतं, तेच घातलं. आणि पाणीबी आठ दिवसाला देतोय. तू काळजी करू नगस. पोरीकडं बघ."

"आणि वेल परतला?"

"बायका आल्या होत्या. पर इतका चांगला वेल उचलून फेकायला माझा जीव हुईना. डोळ्यापुढं तुटत होता की."

मी फोन ठेवला. पिवळा पडल्यागत! रताळ्याचा पाला त्या दिवसांत थोडा पिवळाच दिसतो, गड्डा पोसायला लागला की दिसणारच. पण ऊसवाल्याच्या डोळ्याला पिवळं म्हणजे रोग. त्याला हिरवंगार पाहिजे, भरून आलेलं पाहिजे, बांधावरून जाणाऱ्यानं मान वळवून बघितलं पाहिजे. उसात वर दिसतं तेच पीक असतं. रताळ्यात वर दिसतं तो पाला असतो, आणि पीक जमिनीखाली असतं. एवढी साधी गोष्ट. मला तो चौदा वर्षं हे करताना बघत होता, माझी रताळी खात होता, आणि एकदाही त्यानं वाकून वरंब्याखाली बघितलं नव्हतं. दुधाचा पेला घेऊन मुलीच्या खाटेपाशी गेले. ती म्हणाली, आई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, मामानं रानाला ताकद दिलीय.

पौष संपता संपता परत आले. एसटीतून उतरल्यावर रस्त्यावरूनच माळ दिसला. सगळा माळ भुरा, आणि मधे माझा तुकडा हिरवा लख्ख. स्टँडवरचा पानपट्टीवाला म्हणाला, अक्का, तुझ्या भावानं सोनं केलं बघ रानाचं. तम्मा माळावर वाट बघत उभा होता. चेहरा असा, की परीक्षेत पहिला आलाय. मी चप्पल काढून वरंब्यात उतरले आणि हात खाली घातला. रताळं पोसलं की वरंबा तडकतो, बोट जाईल एवढी भेग पडते. माझ्या हाताला कुठं भेग लागेना. वेल उचलला तर डोळ्याडोळ्याला पांढरी मुळं, टरटर आवाज करत सुटली. गड्ड्याशी उकरून बघितलं. करंगळीएवढं मूळ, त्याला केसासारखी तुसं.

तम्मा वरून म्हणाला, "कसं हाय?"

आणि मी, जिनं कंडक्टरला सोडलं नव्हतं तिनं, म्हटलं, "चांगलं हाय."

का म्हटलं? कारण त्यानं स्वतःच्या उसातलं पोतं इथं आणून ओतलं होतं. विहिरीवरच्या पंपाची केबल खांद्यावर घेऊन माळ चढला होता. माझ्यासाठी. त्याच्यावर रागावायची सोयच नव्हती. वाईट केलं असतं तर मी त्याची उभ्या गावात लाज काढली असती. चांगलं करणाऱ्या माणसाला बाईनं काय म्हणायचं? गिळायचं आणि म्हणायचं, चांगलं हाय. त्या दिवशी मी घरी येऊन भांडी इतकी आपटली की पितळेच्या पातेल्याला पोचा पडला. भावजय म्हणाली, दमलासा काय अक्का? मी म्हटलं, व्हय.

त्यानंतर मी पाणी तोडलं, वेल परतला, दोन वेळा परतला. बायकांबरोबर मीही ओळ धरली. पण महिना-सव्वा महिना हातात असताना काय होणार होतं? शिवरात्रीच्या आधी दहा दिवस गडहिंग्लजचे चाचा आले. हे माझे नेहमीचे व्यापारी, माझ्या पहिल्या पिकापासूनचे. माल बघायला ते कधी वेलाकडं बघत नाहीत, पायाच्या अंगठ्यानं वरंबा दाबतात. त्यांनी एक वरंबा दाबला, दुसरा दाबला, चार ओळी चालून आले. तम्मा मागं मागं. "चाचा, बघा की पाला कसा हाय." चाचा म्हणाले, "पाला शेळीला दावा, भाऊ. शिवरात्रीला लोकं पाला खात्यात काय?" मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "अक्का, या वर्षी माझी गाडी येणार न्हाय. मन वाईट करून घेऊ नका." त्या माणसानं खरं सांगितलं, म्हणून मला त्यांचा राग आला नाही. त्या महिन्यात ज्याचा मला राग आला नाही असा तेवढा एकच माणूस.

तरी काढणी केली. रान मोकळं करायला करावीच लागते. बायकांनी विळ्यानं वेल कापून बांधावर ढीग घातला. ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला. मग बैल वरंब्यात घातले. नांगर वरंबा फोडत पुढं जातो आणि बायका मागून रताळी वेचतात, लाल, पोसलेली, मातीतून उलटी पडलेली. त्या वेळी बायकांच्या तोंडाला खळ नसतो. कुणी गाते, कुणी कुणाच्या सुनेची उणीदुणी काढते. या खेपेला पहिली ओळ संपली तेव्हा सगळ्या गप्प होत्या. सहा बायकांत मिळून एक पाटी भरली नाही. जे निघालं ते उंदराच्या शेपटीसारखं लांब आणि बारीक. एकजण म्हणाली, "अक्का, वरनं पैलवान अन् खालनं काडी पैलवान झालं की गं." कुणी हसलं नाही.

तम्मा नांगरामागून चालत होता. त्यानं मूठभर मुळं उचलली, बघितली, टाकली. दुसऱ्या ओळीतली उचलली. त्याचं तोंड उतरलं, ते मला दिसलं. त्या क्षणी तो म्हणाला असता, अक्का, माझं चुकलं, तर मी त्याला पोटाशी धरलं असतं. शपथ. सगळं विसरले असते, आणि सोमवारी जाऊन सहीही केली असती.

तो म्हणाला, "माळात काय दम ऱ्हायला न्हाय, अक्का. एवढं खत-पाणी घालून हे असं? आता हितं ऊसच लावायचा. पाइपलाइन झाली की बघ. आणि तू आता कष्ट बास कर. घरात बसून खा. तुझा भाऊ हाय की."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. माझ्यावरच्या मायेनं आलेलं. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रान नासवलं त्यानं, आणि दोष रानाचा! चौदा वर्षं ज्या मातीनं एकदाही मला रिकाम्या हातानं पाठवलं नाही, तिच्यात दम राहिला नाही म्हणे. आणि माझं काय करायचं ते ठरवून मोकळा. घरात बसून खा. जसा युरिया ठरवला तसंच हे. मी नांगर थांबवायला सांगितलं, उरलेल्या ओळी तशाच ठेवल्या, आणि घरी आले.

राग डोक्यात घेऊन मी दोन दिवस काम करत राहिले, आणि त्या दोन दिवसांत एक गोष्ट लखलखीत समजली. माझं नाव सातबाऱ्यावर असताना तो हे करू शकला, कारण मी जयसिंगपूरला होते. नाव निघून गेल्यावर मी बांधावर उभी असले तरी तो हेच करेल. मला ढकलून नाही, पाया पडून करेल. मायेनं करेल. आणि मी म्हणेन, चांगलं हाय.

शिवरात्र झाली. उपवासाला आमच्या घरात बाजारातून आणलेली रताळी शिजली. माझ्या घशाखाली उतरली नाहीत.

सोमवारी सकाळी तम्मानं जीप सांगितली होती. भावजयीनं हिरवी इरकली साडी काढून पाटावर ठेवली होती, माझ्यासाठी आणलेली. मी चहा घेतला आणि म्हटलं, "मी सही करणार न्हाय." भावजयीच्या हातातली बशी हातातच राहिली. तिनं पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या माहेरी सही केली होती. मला वाटलं, हिला तरी समजेल. ती म्हणाली, "मला कुणी इचारलं हुतं काय? मी नाही म्हणाले काय? मग तुमालाच काय वेगळं सोनं लागून गेलंय?" एवढं बोलून ती रडायला लागली. तिला माझा राग आला होता की स्वतःच्या त्या सहीचा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मी विळा घेतला आणि माळावर गेले.

बांधावर वेलाचा ढीग पडला होता. वरचा सुकला होता, आतला ओला होता. चार गावांना पुरेल एवढं बेणं. मी आतले वेल ओढून वीतवीतभर तोडले आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात वरंबा धरून लावायला बसले. उन्हाळाभर एवढा कोपरा जगवला की पावसाळ्याला सगळा माळ लावता येतो.

तम्मा आला. पायात नवी चप्पल, अंगात इस्त्रीचा शर्ट. सरळ वरंबे तुडवत माझ्यापर्यंत आला. "अक्का, वकील थांबलाय. चल."

"येणार न्हाय म्हटलं की."

"मी काय वाईट केलं तुझं? सांग. एक गोष्ट सांग."

"वाईट न्हाय केलंस."

"मग? लोकांनी काय म्हणायचं? बहिणीचा भावावर इश्वास न्हाय?"

मी हातातला वेल खाली ठेवला. दोन महिने जे बोलायचं होतं ते सगळं घशाशी आलं. त्याला शिव्या द्यायच्या होत्या, त्याचं युरियाचं पोतं त्याच्या डोक्यावर आपटायचं होतं. पण बोलले ते एवढंच. "तम्मा, तीन गोष्टी सांगून गेले होते. तिन्ही मोडल्यास. आणि मी आल्यावर तुला म्हटलं, चांगलं हाय. उद्या रान तुझ्या नावावर गेलं, मग तुला हितं पाय ठेवू नको असं मी कुठल्या तोंडानं सांगायचं?"

त्याला समजलं नाही. अजूनही समजलेलं नाही, तो गावभर सांगतो की अक्काचं डोकं फिरलंय.

"आज सांगते," मी म्हटलं. "तू वरंब्यावर उभा हायस. बाहेर हो."

तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. खाली बघितलं, त्याच्या नव्या चपलेखाली मी आत्ताच लावलेले दोन वेल होते. त्यानं पाय उचलला, मागं सरला, आणि बांध ओलांडून पलीकडं जाऊन उभा राहिला.